जीपच्या कपाळावर माझं नाव

सोमवार, ५ मे. सकाळी ६.१०
नानाय तातायांना घेऊन पहाटेच्या बोटीने बाकोलोदला गेली. तातायांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा आहे. पंधरा तारखेपर्यंत मावशीकडे मुक्काम. नानाय-ताताय, आईवडील दोघंही नसले की घर केवढं शांत असतं.

जाताना तातायांनी जीपची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू ठेव, बाकी कशाला हात लावू नकोस. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे वचन देणं नव्हे. अर्धा तास विचार करून या निष्कर्षाला आले आहे.

सोळा तारखेला जीपची वार्षिक तपासणी. गेल्या वर्षी तिसऱ्या खेपेला पास झाली. या वर्षी जीपवाल्यांच्या संस्थेचा नवा नियम आहे: पहिल्याच खेपेला पास झाली नाही, तर मियागाव-इलोइलो मार्गावरची आमची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. यादीत पहिलं नाव शेजारच्या मानोंग इस्कोयच्या जावयाचं आहे. तातायांनी सव्वीस वर्षं त्या मार्गावर प्रवासी वाहिले. त्यावरच मी शिकले. घरात माझ्याआधी सहावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही.

शिवाय जीपच्या कपाळावर, पवित्र कुटुंबाच्या चित्राच्या वर, लाल अक्षरांत माझं नाव आहे: इंजि. जोवेलिन मोनेबा. परीक्षेचा निकाल लागला त्याच दिवशी तातायांनी पेंटर बोलावला होता. ती जीप नापास झाली, तर नापास कोण झालं असं लोक वाचतील?

दुपारी १.००
देखभालीची योजना तयार. अकरा कलमं, तीन रंग. बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून घेतली, म्हणजे तेलाच्या हातांनी खराब होणार नाही. दुकानदारीणबाईंनी विचारलं, एवढं जाड लॅमिनेशन कशाला? मी म्हटलं, ही कायम राहणारी वस्तू आहे.

मंगळवार, ६ मे
इंजिनाची पुस्तिका इंटरनेटवरून उतरवून घेतली. दोनशे चौदा पानं. ऑइल फिल्टर डाव्या बाजूला दाखवला आहे. आमच्या जीपमध्ये उजवीकडे आहे. छपाईत चित्र उलटं झालं असावं.

मानोंग इस्कोय कुंपणावरून बघत होता. म्हणाला, बाळ, या जीपचं इंजिन एका ट्रकचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, मागचा आस तिसऱ्याचा, आणि बाकी सगळं तुझ्या बापाच्या डोक्यातलं. तू पुस्तक कोणाचं वाचतेस? मी शांतपणे सांगितलं की तत्त्वं सगळीकडे सारखीच असतात. त्याने विचारलं, तू नेमकी कसली इंजिनीयर? म्हटलं, सिव्हिल. रस्ते, पूल, गटारं.  त्याने जाऊन आपल्या कोंबड्यांना काहीतरी सांगितलं आणि तो बराच वेळ हसत होता.

त्याच्या जावयाचं नाव यादीत आहे हे मी विसरलेले नाही. कोणावर संशय घेणं बरं नाही. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांना तसं सांगेन. तोवर घेईन.

बुधवार, ७ मे
कलम सहा: सर्व अनावश्यक वस्तू काढून टाकणे.

बॉनेटच्या आत जे सापडलं ते लिहिताना मला तातायांची लाज वाटत नाही, पण वाईट वाटतं. बॅटरीच्या खाली रबरी चपलेचा तुकडा, निळा, डाव्या पायाचा. डायनॅमोच्या बोल्टखाली वायसरच्या जागी पंचवीस सेंताव्होचं जुनं नाणं. डिझेलचा पाइप जिने बांधून ठेवला होता ती चक्क माझ्या कॉलेजच्या ओळखपत्राची पट्टी. मी ती दुसऱ्या वर्षाला हरवली म्हणून कार्यालयात लेखी माफी मागितली होती.

तीनही वस्तू काढल्या. चपलेचा तुकडा इतका वाळला होता की ओढताना दुभंगला. प्रत्येक वस्तू वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर चिठ्ठी: अ, ब, क. खाली ‘अनावश्यक, पण फेकू नये.’ दुसऱ्याची वस्तू आहे, फेकण्याचा अधिकार मला नाही.

आतून जीप आता पुस्तिकेतल्या चित्रासारखी दिसते. उलट्या.

शुक्रवार, ९ मे
तेल बदललं. बोल्ट निघायला दोन तास. निघाला तेव्हा मी टबच्या बाजूला होते आणि तेल माझ्या बाजूला. टब नानायचा, कपड्यांचा. तीनदा धुतला, तरी त्याचा रंग वेगळा दिसतो. नवा घेऊन जुन्यासारखा खरवडून ठेवावा की खरं सांगावं, यावर उद्या विचार करणार.

सगळं पुन्हा बसवल्यावर दोन नट उरले. पुस्तिकेत उरणाऱ्या नटांबद्दल काही नाही. त्यांना ‘ड’ दिलं.

रविवार, ११ मे. दुपार
प्रार्थनेहून आल्यावर चाचणी. माझ्याकडे शिकाऊ परवानाच आहे आणि शेजारी परवानाधारक नाही, म्हणून जीप अंगणाबाहेर नेली नाही. चार मीटर पुढे, चार मीटर मागे, असं तीन वेळा. एकूण चोवीस मीटर. पहिले बावीस उत्तम गेले.

मग डायनॅमोचा पट्टा किंचाळायला लागला. मारायला धरलेल्या डुकरासारखा. अख्खी गल्ली बाहेर आली. समोरच्या आजींनी विचारलं, कोणाच्या लग्नाची तयारी चालू आहे? पट्टा निसटला आणि शांतता पसरली. डिझेलचा वासही येतोय. पाइप सायलेन्सरला टेकतो, हे आता दिसलं. पूर्वी का टेकत नव्हता, यावर विचार करण्याइतका वेळ नाही.

एक जमेची बाजू: हॉर्न वाजतो. उजवीकडे वळलं की आपोआप.

मंगळवार, १३ मे
किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्.

मानोंग इस्कोय म्हणाला, बघू का. मी नम्रपणे नको म्हटलं. मग तो कुंपणावर बसून आंबा खात जीपकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, आडनाव तरी पुसून घे, बापाचं आहे. दिवसभर ते कानात होतं.

संध्याकाळी तातायांचा फोन. ऑपरेशन चांगलं झालं, पट्टी आहे, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. इंजिन रोज चालू करतेस ना? मी म्हटलं, रोज प्रयत्न करते, ताताय. शब्दन् शब्द खरा आहे. दोनदा तपासला. तरीही जेवण गेलं नाही.

गुरुवार, १५ मे
आले. डाव्या डोळ्यावर पट्टी, वर नानायचा मोठा गॉगल. बॉनेट उघडून एका डोळ्याने आत बघितलं.  मी अकरा कलमांचा अहवाल वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या कलमाला त्यांनी हात वर केला.

“इंदाय, पोरी, माझी चप्पल कुठे आहे?”

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. मग समजलं.

पिशव्या आणल्या. चिठ्ठ्या वाचायला नानायला बोलावलं. ‘अनावश्यक, पण फेकू नये’ ऐकून ताताय इतके हसले की नानाय ओरडली, डोळ्याला ताण पडेल. मग मी त्यांना सगळं सांगितलं: टब, नट, चोवीस मीटर, फोनवरचा प्रयत्न. ते फक्त म्हणाले, बरं झालं, हॉर्न वाजतो.

त्यांना वाकायचं नव्हतं, म्हणून ते स्टुलावर लापशीची वाटी घेऊन बसले आणि मी आत शिरले. ते नुसते सांगत होते: हात डावीकडे, अजून, बोटाला गरम पाइप लागेल, त्याच्या मागे. चार वर्षं माझे प्राध्यापक असं शिकवत नव्हते. नाणं परत गेल्यावर पट्टा सरळ झाला. ओळखपत्राच्या पट्टीने पाइप वर ओढला. दोन नट कुठले ते त्यांनी बघितलंही नाही, पिशवीतल्या आवाजावरून सांगितलं. मानोंग इस्कोयने न विचारता आपली चार्ज केलेली बॅटरी आणून ठेवली आणि गेला. यादीतला जावई त्याचाच आहे, हे लक्षात ठेवणं मला त्या क्षणी फार अवघड गेलं.

राहिला चपलेचा तुकडा. दोन तुकडे झालेत. ताताय म्हणाले, बॅटरी हलली तर तारा सुटतात, सकाळी काहीतरी बघतो. त्यांना जाड, न भिजणारं, वाकेल पण तुटणार नाही असं हवं होतं.

शुक्रवार, १६ मे. संध्याकाळ
पहिल्याच खेपेला पास.

गाडी मानोंग इस्कोयने चालवली, कारण तातायांना दोन आठवडे बंदी आहे. वाटेत तो मला म्हणाला, “जावयाला जागा अशी नको. मग गल्लीत राहायचं कसं?” नंतर चर्चजवळच्या खड्ड्यात जीप आपटली. तेव्हा म्हणाला, इंजिनीयरबाई, जीपचं तुझा बाप बघेल, तू हे बघ.  खड्ड्याची रुंदी मनातल्या मनात मोजली.

तपासणीसाहेबांनी कपाळावरचं नाव वाचलं, विचारलं, ही इंजिनीयर कोण? तातायांनी छाती पुढे काढून माझ्याकडे बोट केलं. म्हणाले, सगळं काम हिच्याच हातचं. खोटं नाही. तपासून बघितलं.

मग साहेबांनी बॉनेट उघडलं, बॅटरी हलवून बघितली. हलली नाही. ते खाली वाकले आणि मोठ्याने वाचायला लागले: “कलम सहा. सर्व अनावश्यक वस्तू काढून टाकणे.”

तीन रंगांत. घडी चार पदरी, बॅटरीखाली घट्ट बसलेली.

ताताय म्हणाले, मापात बसली, जणू तेवढ्यासाठीच केली होती.

शनिवार, १७ मे
टबचं नानायला मी सांगण्याआधीच माहीत होतं.

तातायांच्या सांगण्यावरून पुन्हा बाजारात गेले. त्याच मापाचं, तेवढंच जाड लॅमिनेशन, एक प्रत. स्पेअर लागते म्हणाले. दुकानदारीणबाईंनी विचारलं, आत काय घालायचं? मी सांगितलं, कोरंच करा.