वृषालीचं उत्तर

५ सप्टेंबर १९९९, रविवार

आजपासून नियमित रोजनिशी. संकल्प तीन. चहा दोनच कप, पहाटे फिरणं, आणि महिनाअखेर वृषालीला घरी आणणं.

बायको अंथुर्ण्याला माहेरी जाऊन तेवीस दिवस झाले. सासरे आबासाहेब, त्यांना अर्धांगाचा झटका आला. जाताना म्हणाली, तुमी संगं चला, आबास्नी पुण्याला न्यायचंय. नेमका त्याच दिवशी माझा विंडोजचा शेवटचा क्लास होता, सर्टिफिकेट मिळायचं होतं. तसं सांगितलं, तर म्हणाली, मग आता तुमी स्वतः न्यायला आलात तरच येईन, न्हायतर येणार न्हाय.

मी जाणार नाही. एकदा गेलो की आयुष्यभर जावं लागेल. ती आपणहून येईल असा उपाय काढायचा.

८ सप्टेंबर, बुधवार

उपाय सापडला. बारामतीत एसटी स्टँडसमोर इंटरनेटचं दुकान निघालंय. मालक बुद्धभूषण, शेळगावचा, डिप्लोमावाला. त्यानं ई-मेलनं ग्रीटिंग कार्ड पाठवायची एक अमेरिकन साइट दाखवली. चित्र आपण निवडायचं, संगीत आपण निवडायचं, वर नाव टाकायचं. डिअर वृषाली. असं कार्ड आख्ख्या इंदापूर तालुक्यात कुठल्या नवऱ्यानं बायकोला पाठवलं नसेल.

अडचण एकच. वृषालीला ई-मेल आयडी नाही. मीच काढून दिला. पासवर्ड माझं नाव. तिच्या लक्षात राहील.

१२ सप्टेंबर, रविवार

पहिलं कार्ड रवाना. बर्फात बसलेली दोन अस्वलं, पाठीमागे व्हायोलिन. मेव्हणा अजित बाजारात भेटला, त्याच्या हाती आयडी आणि पासवर्डची चिठ्ठी दिली. म्हटलं, अक्काला सांग, बारामतीला येऊन कार्ड बघून जा. तो चिठ्ठीकडे बघत राहिला. म्हणाला, दाजी, समोर अंथुर्ण्याची गाडी लागलीया, चला की, पाऊण तासात पोचू. विषय बदलायची सवय त्या घराण्यातच आहे.

सासऱ्यांसाठीही एक कार्ड केलं. गेट वेल सून. थर्मामीटर तोंडात धरलेलं कुत्र्याचं पिल्लू. तेही वृषालीच्याच आयडीवर.

पहाटे फिरणं सोमवारपासून.

१७ सप्टेंबर, शुक्रवार

साइटची एक सोय फार चांगली. समोरच्यानं कार्ड उघडलं की आपल्याला निरोप येतो. पाच दिवस झाले, निरोप नाही. नवरा जिवाचं रान करतोय आणि ही एसटीत बसून यायला तयार नाही. एवढा अहंकार बरा नव्हे.

१९ सप्टेंबर, रविवार

कार्ड तीस दिवसांनी आपोआप नष्ट होतं म्हणे. वाया जायला नको म्हणून तिच्या अकाउंटमध्ये जाऊन मीच उघडलं. केवळ तांत्रिक कारण.

दोनच मिनिटांत माझ्या अकाउंटवर इंग्रजीत निरोप, अर्थ असा. ‘वृषाली यांनी तुमचे कार्ड पाहिले.’ डोळ्यांत पाणी आलं. बुद्धभूषणला तोंड दिसू नये म्हणून कीबोर्ड पुसत बसलो.

२३ सप्टेंबर, गुरुवार

उत्तराची सोय चालते का, हे तपासणं भाग होतं. तिच्या बाजूनं चार ओळी लिहिल्या. ‘कार्ड खूप आवडलं. तुमच्याइतकं मला कुणी ओळखलं नाही.’ मी लिहिलं असलं तरी आहे तिच्याच मनातलं. अकरा वर्षांचा संसार आहे, बायकोच्या मनातलं मला नाही तर कुणाला कळणार.

बुद्धभूषण म्हणाला, सर, दोन्ही आयडी तुमचेच हायत न्हवं? मी टेस्टिंग असं उत्तर दिलं. तो म्हणाला, माझी आई शेळगावात असती, मी आपला दर सोमवारी जाऊन येतो. इंटरनेटचं दुकान टाकून माणूस मागासच राहिला.

चहा पाच कप.

२८ सप्टेंबर, मंगळवार

वृषालीचं उत्तर आलं, पण त्यात सूर जरा तुटक वाटला. दोन दिवस मीही लिहिणार नाही. कळू दे.

३० सप्टेंबर, गुरुवार

तिनं माफी मागितली. सुंदर कार्ड, समुद्र आणि दीपगृह. मी मोठ्या मनानं माफ केलं. आम्ही इतकं मोकळं लग्नानंतर कधी बोललो नव्हतो.

४ ऑक्टोबर, सोमवार

शेजारच्यांच्या फोनवर अजितचा फोन. आबास्नी जास्त झालंय दाजी, सारखं तुमचं नाव घेत्यात, अक्का म्हणती आजच्या आज या. आता ह्यात कुणावर विश्वास ठेवायचा? वृषालीच्या कालच्या मेलमध्ये आबांची तब्येत सुधारत असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं.

तरी शनिवारी जाईन. तोवर माझ्या शाळेत सहामाही परीक्षा आहे.

७ ऑक्टोबर, गुरुवार

आबा पहाटे गेले. सकाळी सात वाजता निरोप आला. माणूस चांगला होता. लग्नात मला स्वतःच्या हातानं घास भरवला होता त्यांनी.

साडेआठच्या गाडीनं निघालोच होतो. स्टँडवर उभा होतो. समोर बुद्धभूषण शटर उघडत होता. वाटलं, आधी वृषालीला दोन शब्द पाठवावेत, अशा वेळी माणसाला आधार लागतो. लाइन लागायला दीड तास गेला. शेवटी पांढऱ्या लिलीचं कार्ड मिळालं, अत्यंत संयमित. बाहेर आलो तोवर गाडी गेली होती, नंतरच्या गाडीनं जाण्यात अर्थ नव्हता. माती उरकलीच असणार.

तिचं उत्तर दुपारी आलं. ‘तुम्ही आला नाहीत तरी चालेल. कार्ड पोचलं.’ किती समजूतदार. प्रिंट काढून घेतली.

१६ ऑक्टोबर, शनिवार

आज दशक्रिया. जाणार होतो. पण दहा दिवसांनी तोंड दाखवलं तर लोक आधी का आला नाही असं विचारणार. त्यापेक्षा सगळं निवळल्यावर जावं.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

अंथुर्ण्याहून बोलावणं. वृषालीचे चुलते सर्जेराव, त्यांनी रविवारी बैठक ठेवलीय. समेटाचीच दिसते. वृषालीची सगळी उत्तरं प्रिंट करून फाइलला लावली. एकोणीस पानं. ह्यापेक्षा मोठा पुरावा कुठल्या नवऱ्याकडे असतो?

२४ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी ६

आलो. लिहवत नाही, पण नियम म्हणजे नियम.

पडवीत दहाबारा माणसं होती. आबांचा फोटो. सासूबाई सरुबाई भिंतीला टेकून. वृषाली उंबऱ्याशी, खूप वाळलेली. सर्जेरावांनी एकच विचारलं, जावईबापू, पाऊण तासाचा रस्ता, तुमी एसटीनं का न्हाय आला? मी म्हटलं, आमचा रोजचा संपर्क होता. आणि फाइल पुढे केली.

फाइल वृषालीकडे गेली. तिनं एकेक पान वाचलं. घाई केली नाही. मला वाटलं, आता रडेल. एका पानावर ती थांबली आणि मोठ्यानं वाचलं. तुम्ही आला नाहीत तरी चालेल, कार्ड पोचलं. सरुबाईंनी विचारलं, आगं, तुजा बाप दारात पडलेला आन् तू हे लिवलंस व्हय? वृषाली म्हणाली, न्हाय आई. मी त्या मशीनला अजून हातसुदिक लावला न्हाय.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. अजित खाली बघत होता.

मग ती माझ्याकडे वळली. राग नव्हता, आवाजही चढला नव्हता. म्हणाली, ह्या बाईचा तुमच्यावर लई जीव हाय. काय मागत न्हाय, कशाला बोलवत न्हाय, बाप मेला तरी चालतंय म्हणती. हिच्यासंगंच नांदा. फाइल माझ्या मांडीवर ठेवून आत गेली. सर्जेराव म्हणाले, फारकतीचे कागद दिवाळीनंतर करू. मग चहा आला. मी घेतला.

३१ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ४

वृषालीला कार्ड पाठवलं. सॉरीचं. खाली फक्त, येतेस का?

मग तिच्या अकाउंटमध्ये गेलो, कार्ड उघडलं आणि उत्तर लिहायला बसलो. ‘येते’ असं टाइप केलं. पुसलं. परत केलं, परत पुसलं. तिच्या आवाजात ते वाचून बघायला लागलो की पडवीतलाच आवाज यायचा. बुद्धभूषणनं विचारलं, सर, मशीन हँग झालंय का? मी नाही म्हटलं. तासाभरानं ‘नाही’ लिहिलं आणि खाली तिचं नाव. सोबत एक कार्ड जोडलं, पाठवून दिलं.

माझ्या अकाउंटमध्ये आलो. एक नवीन मेल. उघडला, वाचला.

कार्ड मात्र तिनं छान निवडलंय.