बाकाला चिकटलेले धोतर

निलंगा, सोमवार, ५ मे २०२५, सकाळी साडेसात. (बाकावर बसता येत नाही, म्हणून फरशीवर बसून लिहीत आहे.)

तीर्थस्वरूप वैजनाथमामांस रविकिरणचे शरणार्थ. तुमची कंबर कशी आहे? बिलोलीत दारे-खिडक्यांच्या पॉलिशची कामे जोरात असतील. मामींना नमस्कार.

काल जळकोटहून सृष्टीचे वडील ईश्वरप्पा आपले घर बघायला आले होते. सृष्टी मला पसंत, मी तिला पसंत. राहिली होती ती त्यांची पसंती. म्हणून म्हटले, बैठकीतला सागवानी बाक चमकवावा. तुम्ही फोनवर सांगितले होते, जवसाचे तेल कढव, पातळ हात मार, फडक्याने पूस, वाळले की दुसरा हात. पण पुसूनच टाकायचे तर लावायचे कशाला, हे मनाला पटेना. (सोयरे येणार आणि आपण तेलात काटकसर करायची?) मी चांगले दाट थर दिले. निम्म्यात जवस संपले, तेव्हा आईच्या फोडणीचे करडईचे तेल ओतले. वरून कोरडे लागत होते. मी बोट लावून पाहिले होते, दाबून पाहिले नव्हते.

ईश्वरप्पा पांढरेशुभ्र धोतर नेसून बरोबर मधोमध बसले. अंगाच्या उबेने वरची साय फाटली असावी. मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला, चहा झाला. निघायला म्हणून ते उठले, धोतर उठले नाही. ते पुन्हा बसले आणि म्हणाले, "अक्का, चहा लई झकास झालाय. अजून एक कप होईल का?" असे पाच कप झाले. दोन बस गेल्या. तोवर त्यांनी आमच्या शेतापासून माझ्या लहानपणीच्या गोवरापर्यंत सगळे विचारून घेतले. शेवटी आईने ओळखले. माझी लुंगी पुढे करून म्हणाली, "अण्णा, लाजू नका. घरचंच हाय."

ते पोट धरून हसले. "हे घर पाव्हण्याला सोडत न्हाई बघा. पोरगी द्यायला हरकत न्हाई!"

धाकट्यांना आशीर्वाद, मोठ्यांच्या पाया पडतो.

तुमचा भाचा,
रविकिरण

ता. क. : लुंगी नेसताना त्यांनी विचारले, "पॉलिश कोणी केलं हो?" माझ्या तोंडून तुमचे नाव गेले.

ता. क. २ : रविवारी ते साखरपुड्याची तारीख धरायला येत आहेत आणि त्यांना तुम्हाला बघायचे आहे. शनिवारीच या. बाक खरवडा, धोतर शाबूत सोडवा आणि कृपा करून रविवारी गप्प राहा. सृष्टीला मी सगळे खरे सांगितले आहे. ती म्हणाली, "अप्पांना लग्न झाल्यावर सांगू. तोवर वाळेल."