रेशमाने पुसलेला बझर

खारदांडा,
१९ जानेवारी

तीर्थरूप बाबांना दिशाचा नमस्कार.

इकडे सगळे मजेत, असं पहिल्या ओळीत लिहायचं तुम्हीच शिकवलंत, म्हणून लिहिलं. आईचे गुडघे कसे आहेत? चारकोपला थंडी पडली असेल. इथेही हवा कोरडी आहे, चादर झटकली की चटचट आवाज येतो. कोळ्याच्या घरात गेले म्हणून तुम्ही माझा फोन उचलत नाही. वाचायचं तरी बंद केलं नसेल ना?

एक विचारायचं होतं. निमेशच्या बोटीसाठी मी बझर केलाय. तळात पाणी साचायला लागलं की वाजतो. तुमच्याच पद्धतीने बांधला. आधी मोरीतल्या लोखंडी नळाला हात लावून अंगातली वीज उतरवायची, मगच आयसीच्या चिपला बोट, नाहीतर त्या झटक्याने ती मरते. निमेश हसायचा, "काय गं, पूजेला बसतेस का?" पूर्वी तो झोपेतून उठून बॅटरी मारून तळ बघायचा. आता म्हणतो, तुझा बझर आहे ना, मी झोपतो.

बोट निघायच्या दिवशी सासूबाईंनी पूजा मांडली. माझ्या कामाला त्या 'वायरींचा खेळ' म्हणायच्या. त्या दिवशी स्वतःहून म्हणाल्या, "आण तुजा यंत्र." एक बोटीसाठी आणि एक जादा, अशी दोन सर्किटं मी उघडीच ताटात ठेवली. त्यांनी एकवीरेच्या अंगावरचं रेशमी वस्त्र घेतलं आणि दोन्ही घासून घासून पुसली. "देवीचा कापड लागला बाय, आता काय भ्याव नाय."

कोरडी हवा, घासलं की वीज धरणारं रेशीम, उघडी आयसी. तुम्ही असतात तर ओरडला असतात. मी त्यांना अडवलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी माझी वस्तू देवीपुढे ठेवली होती, बाबा. मला ते हवं होतं. नंतर पाण्यात वायर बुडवून बघितली, दोन्ही वाजली. मग एक डबीत बंद करून निमेशला दिलं.

आज सकाळी जादाचं तपासलं. वाजत नाही. सेल बदलले, जोडांना पुन्हा कथलाचा डाग दिला, तरी मुकंच.

म्हणून विचारते, बोटीवरचं चालू असेल का? एकाला झटका लागला म्हणजे दुसऱ्याला लागलाच, असं नाही ना?

उत्तर मला पाठ आहे. 'झटका खाल्लेला पार्ट लगेच मरत नाही, ऐन वेळी दगा देतो.' आणि पत्राला चारकोप गाठायला किती दिवस लागतात तेही ठाऊक आहे. म्हणजे मी विचारत नाहीये, नुसता वेळ काढतेय.

निमेश अजून समुद्रात आहे, मोबाइल तिथे लागत नाही. मच्छीमार सोसायटीच्या वायरलेसवरून निरोप जातो, पण तो सगळ्या बोटी ऐकतात. 'बझरवर विसंबू नको, तळ स्वतः बघ' म्हटलं की निमेश विचारणार, का? मग सासूबाईंच्या देवीच्या कापडाची गोष्ट अख्ख्या दांड्यात होणार. त्या पुन्हा माझ्याशी बोलतील असं वाटत नाही.

घरातलं माणूस बोलायचं थांबलं तर जगता येतं. तेवढं मी शिकलेय.

सासूबाई ओट्यावर सुकट निवडतायत. आधी त्यांना सांगते, मग सोसायटीत जाते. टपालपेटी वाटेतच आहे, हे तिच्यात टाकते.

हे हाती पडलं की एकदा फोन करा. निमेश घरी आलेला असेल तर त्याच्याशीही बोला.

तुमचीच,
दिशा