कमिशनवाल्याचं घर

७ फेब्रु. १९७७
घराच्या कर्जासाठी बँकेत जाऊन आलो. साहेबांनी पगाराचा दाखला उलटसुलट पाहिला. "पगार धरू. कमिशन धरता येत नाही. ते अळवावरचं पाणी." गेली कित्येक वर्षं विहिरींवरचे पंप विकतोय, आणि हे मला पाण्याचं सांगतात! नुसत्या पगारावर जे कर्ज मिळेल त्यात भिंती उठतील, छप्पर नाही. छप्पर कमिशनमधलं. आणि दसऱ्याच्या आत बांधकाम सुरू नाही केलं तर सोसायटी प्लॉट दुसऱ्याला देणार.

१३ फेब्रु., रवि.
राजारामपुरीच्या पलीकडं, प्लॉटवर. सौ.नं पिशवीतून चुन्याची फक्की आणलेली. खोल्या आखल्या. मी आपला सरळ स्वयंपाकघरात गेलो तर ओरडली, "आवो, दारातनं या की! भिंतीतनं काय येताय?" शेजारच्या प्लॉटवरचे पावणे हसायला लागले. मागं फिरून दारातनं आलो. मग सोप्यात बसून भडंग खाल्लं. खिडकी पश्चिमेला ठेवायची ठरली. वारा तिकडूनच येत होता, आणि खरंच खिडकीतनं आल्यासारखा. दिवस बुडाला तरी घरातून उठवेना.

२२ फेब्रु.
गगनबावड्याच्या वाटेवर एका वाडीत नवा पंप. बरोबर आमचे फिटर हमीदभाई. पाटलीणबाईंनी पंपाला कुंकू लावलं, नारळ फोडला. पाईपातून पाणी आलं तशा म्हणाल्या, "इकणाऱ्यानं आदी प्यायचं, मग उसानं." ओंजळ धरली. गार, थोडी दगडाची चव. येताना आंब्याचा मोहोर, डोंगर निळे. या रस्त्यावर मी कुणाचाच नसतो. फार बरं वाटतं.
हमीदभाईंना बँकेचं सांगितलं. "जामीन मी ऱ्हातो की! पर छपराचं काय?"

४ मार्च
दुकानाच्या मालकांनीच बोलावलं. कर्जाचं कुठून तरी कानावर गेलेलं. "फिरती सोड. दुकानात बस. कमिशन बंद, पगार वाढवतो. दाखला आजच घे, बँक उड्या मारंल." म्हणजे हातात येणार आजच्यापेक्षा थोडं कमी, बँकेला दिसणार जास्त. अजब कारभार. पण अख्खं घर, छपरासकट. बाहेर आलो. आनंद व्हायला हवा होता. चहा घेतला, तोही नीट लागला नाही. हमीदभाई समोरून गेले, त्यांना काही बोललो नाही.

५ मार्च
सौ.ला सांगितलं. वाटलं, साखर वाटेल. तिनं ताटं गोळा केली. मग, "म्हंजे रोज सांजचं घरात?"
व्हय म्हटलं.
"मग गावागावाचं कोन सांगणार मला? माझं हिंडणं तुमच्या तोंडानंच असतंय की."
मला हे कधी माहीतच नव्हतं. ती बाडबिस्तरा न बांधता माझ्याबरोबर सगळीकडं येऊन गेली होती.
भांडी घासता घासता म्हणाली, "पर भाड्याच्या खोलीत किती दिस काढायचं?" तेही खरंच.

८ मार्च
प्लॉटवर एकटाच गेलो. गवताची काडी चघळत बसलो. घर झालेलं दिसत होतं, दारात तुळस, कौलांवर ऊन. खिडकीत मी. मी बाहेर बघत होतो.

१० मार्च
मालक म्हणाले, "उद्या सकाळी काय ते सांग. बँकेत माझा शब्द गेलाय." सांगतो म्हटलं.
दुपारी वाडीकडचे एक शेतकरी दुकानात आले. घामाघूम, पण तोंडभर हसू. "विहिरीला पाणी लागलं! पंप तुमीच बसवायचा. कवा येताय?"
"उद्या पहिल्या गाडीनं," तोंडातून निघून गेलं.
दोघांनाही उद्याचाच शब्द दिलाय. असा कसा मी!
आत्ता सौ. परातीत पीठ घेऊन बसली आहे. विचारते, "उद्याच्याला भाकरी बांधू, का दुपारी जेवाय घरला येताय?"
दुसऱ्यांदा विचारलं. पीठ तसंच आहे, ती थांबली आहे.