पंख्याची घरघर

४ फेब्रुवारी

आज परत तेच! बटण दाबलं आणि भर्रर्र — पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखी. कॉम्प्युटरच्या डब्याला उशी लावली, दोन्ही हातांनी दाबून धरला. काही उपयोग नाही. प्लायवुडच्या पार्टिशनपलीकडून लगेच सासूबाईंचा आवाज — "उठलीस का गं? बरं झालं. मलाही झोप लागतच नव्हती."

संपली माझी पहाट.

५ फेब्रुवारी

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

झिपरीचा फोन आला होता गेल्या आठवड्यात. (आम्ही एकाच आर्किटेक्टकडे नकाशे काढायचो. केस कायम तोंडावर, म्हणून झिपरी.) तिच्या नव्या ऑफिसला माणूस हवाय. दुसऱ्या गावी. "तुझं नाव मी टाकलंय. एका लायब्ररीचे नकाशे काढून पाठव, दुमजली. महिनाअखेर. आणि हे बघ, या वेळी नाही म्हणालीस तर मी परत विचारणार नाही."

आईंना सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तो बोटीवर. उन्हाळा संपल्याशिवाय येत नाही.

सासरे गेले तेव्हा त्यांचं गावाकडचं घर भाड्याने दिलं आणि तो आईंना इथे घेऊन आला. घरी कुणीतरी हवं म्हणून मी नोकरी सोडली. "थोडे दिवस." त्या थोड्या दिवसांना आता तिसरं वर्ष! जबरदस्ती कुणी केली नाही. तेच तर. आई खाष्ट असत्या तर भांडले असते, दार आपटून गेले असते. पण ही बाई मला संत्रं सोलून देते, बिया काढून! अशा माणसाशी भांडायचं कसं?

दिवसा काम होत नाही. माझ्या खुर्चीशेजारी त्यांचं स्टूल येतं. "तू कर तुझं, मी नुसती बसते." नुसत्या बसत नाहीत. गुडघा, समोरच्या बाईची सून, परत गुडघा. म्हणून पहाट. तेवढीच माझी. आणि ती हा पंखा खातोय.

रात्रभर चालू ठेवावा म्हटलं, तर झोपायच्या आधी आई घरभर फिरून भिंतीवरची सगळी बटणं बंद करतात. "आग लागली म्हणजे?"

७ फेब्रुवारी

नवऱ्याचा फोन. पंख्याचं सांगितलं. "धूळ बसली असेल. तू उघडू नकोस, बिघडवशील. आल्यावर बघू."

घरातलं सगळं आल्यावर बघायचं आहे. न्हाणीघराचा नळ. बाल्कनीचं दार. मी.

९ फेब्रुवारी

उघडला!

झाकणाचे स्क्रू काढत होते तर आई चष्मा लावून हजर. हातात टॉर्च. "धरते मी. तुला दिसायचं नाही आत." आणि आत बघून — "अगं बाई, केवढं हे जळमट! माणसाला दमा व्हायचा."

जुन्या रंगाच्या ब्रशने झाडलं. पाती बोटाने धरून एकेक पुसली. खिडकीत नेऊन फुंकलं तर आम्ही दोघी पांढऱ्या. आई इतक्या हसल्या की त्यांना स्टूलवर बसावं लागलं. "तुला त्या आवाजाचा फार त्रास होतो, मला कळतं ना."

त्यांना सोडून जायचं म्हणून मी हा डबा दुरुस्त करतेय. आणि टॉर्च त्याच धरून उभ्या आहेत.

१० फेब्रुवारी

पहाटे लावला. भर्रर्र. "उठलीस का गं?"

धूळ नव्हतीच कारण.

११ फेब्रुवारी

आज पद्धतशीर. झाकण उघडं ठेवूनच लावला. आत तीन पंखे. मागचा मोठा — मधोमध बोट हलकेच टेकवून क्षणभर थांबवला, आवाज तसाच. विजेच्या डब्यातला — त्याला हात लावायचा नाही, कान लावून ऐकलं, तो गरीब आहे. मग प्रोसेसरवरचा. पेन्सिलीच्या मागचं रबर मधोमध टेकवलं आणि एकदम गप्प! रबर काढलं की पुन्हा सुरू. चोर सापडला.

अजून एक लक्षात आलं. थोडा वेळ चालला, गरम झाला की आपोआप शांत होतो. रडारड फक्त थंड असताना. म्हणजे आतलं वंगण वाळलंय. पण त्या थोड्या वेळातच आई उठतात. त्यांना परत झोपवण्याचं बटण कुठाय?

१२ फेब्रुवारी

पंख्याच्या मध्यावर स्टिकर असतो. तो उचलून शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब सोडला.

शांत!! पलीकडे आईंचं घोरणं ऐकू येत होतं, इतकं शांत. तळमजला झाला. हात विसरला नाहीये. भिंत, दार, दाराची उघडझाप — सगळं आपोआप येत गेलं. उजाडलं कधी, कळलंच नाही.

१३ फेब्रुवारी

शांत. वाचनकक्ष झाला.

१५ फेब्रुवारी

मेला परत! आणि आधीपेक्षा वाईट. घरघर नाही, आता किंचाळतोय. आई धावत आल्या, "काय गं, काय झालं? भाजलं का?" आणि मग थांबल्याच. चहा, गुडघा, समोरची सून.

जिना अर्धवट. अधांतरी. वरच्या मजल्यावर जायला वाट नाही.

१६ फेब्रुवारी

कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. भाजी आणते म्हणून निघाले होते, तर "मीही येते, पाय मोकळे होतील." गेलो दोघी.

त्याने पंखा बोटाने फिरवला आणि हसला. "मॅडम, हे आजोबा आहेत. नवीन मशीनच घ्या ना!" मी म्हटलं, पंखा द्या. "साहेब कधी येणारेत? त्यांच्याशी बोलतो मी." माझ्या आधी आईच कडाडल्या — "साहेबांना काय विचारता? उघडलाय तिने. पंखा द्या!"

दिला मुकाट्याने.

वाटेत त्यांच्या हातात भाजीची पिशवी, माझ्या हातात पंखा. एकदा वाटलं, सांगून टाकावं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तू आहेस म्हणून माझे दिवस निघतात बघ." मी पंखा दुसऱ्या हातात घेतला.

१७ फेब्रुवारी

घात झाला.

पंख्याचे स्क्रू सुटेनात, म्हणून खालच्या धातूच्या ठोकळ्यासकट काढायला गेले. हिसका बसला. ठोकळा आला वर, आणि त्याला धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चार पिनांपैकी एक तुटून हातात. खालची उष्णता ओढून घेणारी राखाडी पेस्ट वाळून पापुद्रे सुटलेले. तसाच बसवला. चालू झाला, जरा वेळाने आपला आपण बंद. परत लावला, परत बंद. प्रोसेसर तापतोय. जळला तर नकाशे गेले, लायब्ररी गेली, सगळंच गेलं.

न्हाणीघरात नळ सोडून रडले. या घरात रडायलाही नळ सोडावा लागतो.

"एवढा वेळ काय करतेस गं आत?"

१८ फेब्रुवारी

दुकान बंद.

१९ फेब्रुवारी

दुकान बंद. त्याच्याकडे लग्न आहे म्हणे. काही करता येत नाही. बसून आहे. आईंनी संत्रं सोलून दिलं. खाल्लं.

२० फेब्रुवारी

पिना मिळाल्या. पेस्टची ट्यूब मिळाली.

जुनी पेस्ट स्पिरिटने पुसली. नवी तांदळाच्या दाण्याएवढीच लावायची. आई टॉर्च धरून श्वास रोखून उभ्या, जसं काही ऑपरेशनच! नवा पंखा लावलेला ठोकळा सरळ वरून टेकवला. पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दाबल्या. टक्. टक्. तिसरी रुसली, मग बसली. चौथी टक्. पंख्याची वायर पात्यांत येणार नाही अशी बांधली.

बटण दाबलं. पंखा एकदा जोरात फिरला आणि मग काहीच नाही.

"परत बंद पडला का गं?" आईंचा चेहरा एवढासा.

"नाही आई. चालू आहे."

त्यांनी डब्याला कान लावला. "बाई! कळतसुद्धा नाही." आणि माझ्या पाठीवर थाप. माझ्या डोळ्यांत पाणी. त्यांना वाटलं आनंदाचं.

२१ फेब्रुवारी

पहाटे. शांत. पलीकडूनही काही नाही. जिना वरपर्यंत गेला.

२३ फेब्रुवारी

वरचा मजला. झिपरीला दाखवला. "अगं, तू अजून तीच आहेस!" दिवसभर तेच वाक्य डोक्यात.

२५ फेब्रुवारी

आई आता उशिरा उठतात. "हल्ली छान झोप लागते, तो आवाज नाही ना." मी मान खाली घालून कणीक मळते. चोरी करून साळसूद बसल्यासारखं वाटतं.

२७ फेब्रुवारी

पाठवले.

५ मार्च

नोकरी मिळाली. पुढच्या महिन्यापासून या, राहायची सोय करून देतो म्हणतात.

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. दूध उतू गेलं.

६ मार्च

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आईचं काय?" मी म्हटलं, तुझीही आई आहे. "मी आल्यावर बघू ना!" मी म्हटलं, आल्यावर नाही. "ठरवलंच आहेस तर विचारतेस कशाला मला?" ठेवला फोन.

तिकडे आईंना नेता येत नाही. झिपरीसोबत एका खोलीत राहायचंय. इथे एकटं ठेवता येत नाही. भिंतीशी डोकं आपटावं, तर भिंतही प्लायवुडची.

८ मार्च

आज सांगणार होते. त्या स्टूलवर येऊन बसल्या. मी तोंड उघडलं. "आई —" "काय गं?" "चहा टाकू?"

असा तिसरा चहा आजचा. त्यांना ॲसिडिटी झाली.

१० मार्च

सांगितलं.

एका दमात सांगितलं, त्यांच्याकडे न बघता, स्क्रीनकडे बघत. नोकरी, गाव, तारीख. पहाटे काय करत होते तेसुद्धा. पंखा का दुरुस्त केला तेसुद्धा.

त्या उठल्या. स्टूल उचललं. पुन्हा भिंतीशी ठेवलं. आत गेल्या. मी दोनदा हाक मारली. "ऐकू येतंय मला," एवढंच. आतून मोबाईलची बटणं वाजत होती. मुलाला लावत असणार. माझ्या नावाने काय काय सांगत असतील!

जेवल्या नाहीत. मीही नाही. एवढी शांतता या घरात कधी नव्हती. आज त्यांनी उठवलं असतं, गुडघ्याचं सांगितलं असतं, तर किती बरं वाटलं असतं.

११ मार्च

सकाळपासून एक शब्द नाही. दार लावून फोन. बाहेर येतात, पाणी पितात, परत आत. मला नाही जमत हे. उद्या झिपरीला नाही म्हणून कळवते. जमणारं नव्हतंच. उगाच उड्या मारल्या.

१२ मार्च

झिपरीला फोन लावायच्या आत आई बाहेर आल्या. नेसून तयार. "तुझं निघायचं नक्की कधी ते सांग, मला त्याच सुमाराचं तिकीट काढायचंय." कुठलं तिकीट? "माझ्या घरचं, अजून कुठलं! दोन दिवस त्या भाडेकरूच्या मागे लागलेय, मेला फोनच उचलेना. आत्ता कबूल झाला, सोडतो म्हणाला घर." त्या स्टूल ओढून बसल्या, माझा हात धरला. "अगं, तो म्हणाला, माझी बायको एकटी पडते, तू जाऊन राहा तिच्याजवळ. म्हणून घर सोडून आले मी. इतके दिवस रोज मनात घोकते — हिला टाकून मी कशी जाऊ?"