हर्षालीचा आजार कागदावर लिहून मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी साहेब,
प्राथमिक आरोग्य केंद्र, खडकवस्ती,
ता. जुन्नर, जि. पुणे

विषय : मुलगी हर्षाली हिचा लठ्ठपणा हा आजार असल्याचे लेखी मिळणेबाबत.
संदर्भ : माझे दि. ११/३/२००४ व दि. २२/५/२००४ चे अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

अर्जदार सौ. शीला सावळाराम गाडगे, वय ४६, शिक्षण सातवी, सविनय कळविते की,

१) माझी मुलगी हर्षाली, वय २३, हिचे लग्न तीन वर्षांपूर्वी झाले. पुढे तिचे वजन वाढत गेले, पाळी सात-सात महिने येईना, मानेवर काळा पट्टा आला. मूल नाही. सासू कोंडाबाई यांनी "खाऊन खाऊन फुगलीया, पोर कुठं ऱ्हायचं तिच्यात?" असे चारचौघांत म्हणून तिला माहेरी आणून सोडले. वास्तविक त्या घरात ती सर्वांच्या मागून जेवत असे, तेही उरले तर.

२) मान मळाने काळी झाली अशा समजुतीने मी स्वतः ती टाचा घासायच्या वजरीने सव्वा महिना घासली. कातडी सोलली, काळेपणा गेला नाही. मूल व्हावे म्हणून तिला सोळा सोमवार धरायला लावले. सोमवार पुरेनात म्हणून गुरुवार आणि चतुर्थीही. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाण्याचे लाडू. वजन सहा किलोने वाढले. देव पावला तो असा. यात चूक माझी आहे, मुलीची नाही.

३) साखरेच्या आजारामुळे माझ्या पायाचे बोट पुण्याच्या दवाखान्यात काढले. सोबत आलेल्या हर्षालीची मान पाहून तेथील डॉक्टरीणबाईंनी आपणहून सांगितले, की हा मळ नव्हे. अंगात चरबी वाढली की शरीराला साखर जिरवता येत नाही. त्यातूनच मान काळी पडते, पाळी थांबते आणि पुढे आईसारखी साखर होते. वेळेवर वजन उतरवून औषध घेतले तर मूलही होऊ शकते. गावच्या केंद्रात नाव घाला, म्हणाल्या. हे सर्व तोंडी. कागद मागायचे मला सुचले नाही.

४) त्यावरून आपल्या केंद्रात आलो. सिस्टरबाईंनी रजिस्टर दाखविले. त्यात रकाने तीन : गरोदर, स्तनदा, ऑपरेशन झालेल्या. हर्षाली एकातही बसत नाही. "आधी दिवस जाऊ द्या, मग नाव घालू," असे त्या म्हणाल्या. दिवस जात नाहीत म्हणूनच आलो आहोत, हे मी तीनदा सांगितले. मोठा वजनकाटा बंद असून तान्ह्या बाळांना टांगायचा काटा चालू असल्याचेही कळले.

५) अर्जाला वजनाचा दाखला जोडा, असे आपल्या शिपायाने सांगितल्यावरून मुलीला कांद्याच्या वखारीत नेले. हमाल हसले. वखारीत दुसरी छापील पावती नसल्याने "कांदा, एक नग, ८७ किलो, बारदान वजा" अशी पावती मिळाली. ती सोबत जोडली आहे. त्या दिवसापासून हर्षाली उंबऱ्याबाहेर आलेली नाही.

६) तिला माहेरी सोडल्यावर दोन्ही घरांची बैठक झाली, तीत सासरचे म्हणाले होते, आजार असल्याचा सरकारी कागद आणा, पोरीला नांदवू. त्यासाठीच पहिले दोन अर्ज होते. आता ती गरज राहिली नाही. जावई ऋषी यांनी गेल्या गुरुवारी मढ गावच्या मुलीशी लग्न लावले.

७) तरीही कागद द्यावा, ही विनंती. तो कोणाला दाखवायचा नाही. हर्षाली दोन घास खाऊन ताट सरकवते आणि "आई, माझंच चुकलं," एवढेच म्हणते. तसे नाही हे मी रोज सांगते. पण आईचे बोलणे मायेचे, म्हणून ती सोडून देते. हा आजार आहे, यात हर्षालीचा काही अपराध नाही, एवढी एक ओळ आपल्या गोल शिक्क्यासह लिहून द्यावी. ती बारावी झाली आहे. तिची ती वाचील.

आपली नम्र, तिसऱ्यांदा,
शीला सावळाराम गाडगे
मु. पो. खडकवस्ती
दि. १९/७/२००४