चार रंगांचं इंजिन

तीर्थरूप दाजींना, ग्रीसनं माखलेले दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमचा गुडघा आता बरा असेल, ताईचा रागही उतरला असेल. इकडे मी खुशाल आहे, म्हणजे अंगठ्याचं नख सोडून बाकी सगळा.

माझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तुम्ही मला तुमची जुनी मोटरबोट दिलीत, त्या दानशूरपणाला तोड नाही. (देताना एवढी घाई का होती, ते इंजिनाचं झाकण उघडल्यावर कळलं.) कार्ब्युरेटर हिरवा, पाण्याचा पंप निळा, पेट्रोलचा पंप पिवळा आणि स्टार्टर लाल! चार घरची चार पाहुणे मंडळी एका पेटीत कोंबलीत, आणि वर मला उपदेश, ‘चालतंय ना, मग हात लावू नकोस.’ धन्य आहात.

रविवारी सासरेबुवा फेरफटक्याला येताहेत. जावयाला साधा बल्ब बदलता येत नाही, हे त्यांचं मत पंचवीस वर्षांत तसूभरही हललेलं नाही. यंदा मी चारचौघांत सांगून बसलोय की इंजिन मी स्वतः दुरुस्त केलंय. म्हणून दुकानातून सगळे भाग एकजात काळे, नवेकोरे आणले. (दुकानदार मॉडेल नंबर विचारत होता. म्हटलं, रंग जुळू दे, बाकीचं तुम्ही बघा.) तुमचे जुने तीन काढले आणि तुमचं नाव घेत धक्क्यावरून पाण्यात भिरकावले. काय गार वाटलं म्हणून सांगू! लाल स्टार्टर तेवढा गंजलेल्या बोल्टमुळे जागचा हलला नाही. हट्टी, अगदी देणाऱ्यासारखा.

इंजिन आता अगदी शांत आहे. ताईला नमस्कार.

तुमचा धाकटा मेहुणा

ता. क. : शांत आहे, कारण ते सुरूच होत नाही. मिस्त्रीनं लाल स्टार्टर खरवडला, तर खाली कारखान्याचा राखाडी रंग आणि याच इंजिनाचा नंबर! ताईला फोन केला. म्हणाली, ‘अरे, गेटचा, सायकलचा, टाकीचा, कपाटाचा उरलेला रंग हे वाया घालवतील होय? सगळा त्या इंजिनाला फासलाय.’ मिस्त्रीच्या मते तुमचे चारही भाग एकमेकांचे सख्खे भाऊ होते. विजोड आहेत ते मी आणलेले.

ता. क. २ : तुम्हाला पोहता येतं, मला नाही. शनिवारी सकाळीच या. धक्क्याशी पाणी गळ्याइतकंच आहे. रंग भडक आहेत म्हणून बरं, पिवळा तर वरूनही दिसतोय.

ता. क. ३ : सासरेबुवांना मी काळ्या इंजिनाचा फोटो पाठवलाय. घरात काळा रंग उरला असेल तर डबा घेऊन या. ब्रशही.